फणीचे दात

ज्या साली बोंडअळीनं सारं शिवार पोखरून खाल्लं, त्या साली सत्यशीलाच्या अंगणवाडीत एक साहेब येऊन गेले. पुढचं सगळं त्या सकाळपासून सुरू झालं.

साहेब येणार म्हटल्यावर गावात काय होतं ते गावालाच माहीत. भिंतीला चुना लागतो, हापशीभोवतीचा चिखल उचलला जातो आणि एरवी उघडी फिरणारी पोरं तेल-पावडर लावून ओळीत बसतात. सत्यशीलानं हे सगळं केलं होतं. मदतनीस सोनीबाईनं पहाटे उठून खोली सारवली होती. पण साहेबांनी भिंतीवरच्या पोपटाच्या चित्रावर बोट ठेवून "हे काय आहे?" म्हणून विचारलं आणि खोलीभर पोरांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. एक जण तर बसल्या जागी ओला झाला.

"बाई, इथं काही शिकवता की नुसती खिचडी शिजवता?" साहेब म्हणाले.

दारात शेतात निंदायला निघालेल्या बाया उभ्या होत्या. त्या हसल्या. साहेबांचं बोलणं सत्यशीला विसरली असती, त्या बायांचं हसणं विसरली नाही. ती मॅट्रिक झालेली, सासर-माहेर दोन्हीकडची पहिली. बाबासाहेबांच्या फोटोखाली रॉकेलची चिमणी ठेवून बापानं तिला शिकवलं होतं. शिकवलं की येतं, आणि येत नसेल तर शिकवणाऱ्यातच खोट आहे, असं तिचं साधं गणित होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. नवरा देवराव दिग्रसच्या जिनिंगवरून आला तेव्हा त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू तसेच होते. तो म्हणाला, "साहेबाचं काय मनावर घेतं? त्यायचं कामच हाये ते."

"त्यायचं काम बोलाचं, माहं काम आयकाचं," ती म्हणाली. "पुन्हा नाही आयकणार."

म्हणून पुढच्या महिन्यात पर्यवेक्षिका इंदुताई डोळ्यांचा तक्ता घेऊन आल्या, तेव्हा सत्यशीला कंबर कसूनच बसली होती. पांढरा जाड कागद होता. त्यावर इंग्रजी ई-सारखी एकच खूण, वर मोठी, खाली येता येता बारीक होत गेलेली. कुठं तिचं तोंड वर, कुठं खाली, कुठं डावीकडे, कुठं उजवीकडे.

"तालुक्याहून पथक येणार आहे, पोरांचे डोळे पाहायला," इंदुताई म्हणाल्या. "लहान पोरांना अक्षरं येत नाहीत, म्हणून हे असं. तोंड कुठं आहे ते हातानं दाखवायचं. जरा सवय करून ठेवा, नाहीतर मागच्यासारखी तोंडं शिवून बसतील."

इंदुताईंना म्हणायचं होतं की, हात कसा दाखवायचा तेवढा खेळ शिकवा. सत्यशीलाला त्यातलं 'मागच्यासारखी' एवढंच ऐकू आलं.

तक्ता तिनं भिंतीवर डकवला. सोनीबाई त्याकडे पाहून म्हणाली, "हे त फणीच हाये वो बाई. तीन दाताची." बस, फणी ठरली. आता दात कुठं ते सांगायचं. पण चार वर्षांच्या लेकरांना डावं-उजवं कुठून कळणार? तक्त्याकडे तोंड करून बसलं की एका बाजूच्या खिडकीतून हापशी दिसायची आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून लिंब. सत्यशीलानं हापशी आणि लिंबच कामाला लावले.

"फणीबाई फणी, दात कोन्याकडे?"

"लिंबाकडे!" पोरं हात फेकून ओरडायची.

"दुसरी फणी, दात कोन्याकडे?"

"आभाळाकडे!"

लिंबाकडे, आभाळाकडे, हापशीकडे, जमिनीकडे. वरच्या मोठ्या फणीपासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत तिनं अख्खा तक्ता गाण्यात बसवला. खिचडीआधी एकदा, घरी जाताना एकदा. पोरं डोळे मिटूनही म्हणायला लागली, तेव्हा तिच्या जिवाला थंडावा मिळाला. सगळ्यांत पुढं तिची स्वतःची ममता. चार वर्षांची, दोन शेंड्या, हात असा झोकात फेकायची की बाकीची पोरं तिचं पाहून फेकायची.

पथक आलं. पथक म्हणजे एक माणूस आणि बाहेर हॉर्न वाजवणारा जीपचा ड्रायव्हर. त्या माणसानं आपला तक्ता काढला. तोच छापील तक्ता, त्याच ओळी. भिंतीवर आहेच म्हटल्यावर त्यानं आपला परत गुंडाळला. एकेक लेकरू उभं केलं, एक डोळा पुठ्ठ्यानं झाकला, छडी पहिल्या फणीवर ठेवली, आणि लेकराचा हात छडीच्या पुढं पळायला लागला. मग दुसरा डोळा, पुन्हा तसंच.

"वा," तो माणूस म्हणाला. "पोरं तयार आहेत बाई तुमची."

त्याला शंका यायला हवी होती. चार आकडे चुकतमाकत म्हणणारं वय, त्यातलं एकही लेकरू शेवटच्या ओळीपर्यंत अडत नाही, असं कुठं असतं? पण त्याला अजून गावं करायची होती. सगळ्यांच्या नावापुढं त्यानं 'ठीक' लिहिलं. ममताच्याही. सत्यशीलानं त्या दिवशी पोरांना खिचडीत गुळाचा खडा दिला.

तक्ता पुढंही भिंतीवरच राहिला आणि गाणं गावाचं झालं. दरवर्षी नवी पोरं ते शिकायची, दरवर्षी पास व्हायची. इंदुताई दुसऱ्या गावच्या सेविकांना दाखवायला आणायच्या. ममता शाळेत जायला लागली तरी सुटल्यावर अंगणवाडीत यायची आणि लहानग्यांसमोर उभी राहून छडी धरायची. "मास्तरीन होते ही," सोनीबाई म्हणायची, आणि सत्यशीला वरवर नाही नाही म्हणत मनातून फुलायची.

पोरगी तेवढी धांदरट होती. पेल्यात पाणी ओतायची ते निम्मं पेल्याबाहेर जायचं. दाराच्या चौकटीला डावा खांदा धडकायचा. देवराव तिला लाडानं 'आंधळी कोशिंबीर' म्हणायचा आणि ती खिदळायची. वेचणीला नेली की आपल्या तासातली, म्हणजे ओळीतली, उजवीकडची बोंडं चटचट वेचायची, डावीकडची फुटलेली तशीच पांढरी मागं राहायची. शेतमालकानं दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा त्यानं सगळ्या बायांसमोर म्हटलं, "सेविकेच्या पोरीलेच शिकवा लागते का आता?" सत्यशीलानं तिथंच ममताच्या पाठीत धपाटा घातला.

"कायले सोडतं वो ती बोंडं? दिसत नाही का तुले?"

ममता मान खाली घालून मागं गेली आणि डावीकडची बोंडं वेचून आली. तो धपाटा सत्यशीलाच्या हाताला पुढं कितीतरी वर्षं झोंबत राहिला.

मग लाल्या पडला ते साल आलं. उभी पऱ्हाटी दिवाळीच्या आधीच तांबडी होऊन वाळायला लागली. बोंडं बारकी, अर्धवट फुटलेली, कापूस निघता निघत नव्हता. जिनिंगमध्ये मालच नव्हता, म्हणून देवरावही घरी होता. सुट्टीचे दिवस होते. तिघंही वेचायला जायची. दहिवर सुकलं की कमरेला कापसाची ओटी बांधायची आणि उन्हं कलेपर्यंत वाकून राहायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला शिरायची, संध्याकाळी मीठ-पाण्यात बोटं बुडवली की डोळ्यांत पाणी यायचं. ममता तेव्हा दहा वर्षांची होती.

एका दुपारी ती वाकली आणि पऱ्हाटीचा वाळलेला फोक सटकन तिच्या उजव्या डोळ्यात गेला. ओरडली नाही. ओटीतला कापूस सांडू नये म्हणून एका हातानं ओटी धरून आणि दुसऱ्यानं डोळा धरून ती आईकडे आली. डोळा लालबुंद झाला होता. देवरावनं कोणाची तरी मोटरसायकल मागून माय-लेकींना दिग्रसला नेलं. तिथल्या डॉक्टरनं औषध घालून डोळ्यावर जाड पट्टी बांधली. उद्या यवतमाळला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाला.

बाहेर रणरणतं ऊन होतं. पायरीवर ममता थबकली.

"आई, धुई पडली का?"

"धुई? या उन्हात?"

"मंग असं काहून दिसून राह्यलं? सगळं भुरकट." तिनं पाय पुढं टाकला तो पायरी सोडून. देवरावनं तिला हवेतच धरलं.

औषधामुळं असेल, असं सत्यशीला स्वतःला सांगत राहिली. पण औषध उजव्या डोळ्यात होतं आणि पोरगी पाहत होती डाव्यानं. घरी आल्यावर ममतानं पाण्याच्या पेल्यासाठी हात पुढं केला आणि तो पेल्याच्या एक वीत बाजूला जमिनीवर टेकला. देवरावनं पाहिलं. सत्यशीलानंही पाहिलं.

यवतमाळच्या दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, शांत. उजव्या डोळ्याची जखम वरची आहे, भरून येईल म्हणाल्या. दोघांचा श्वास सुटला. मग त्यांनी डाव्या डोळ्यासमोर बारीक दिवा हलवला, भिंगं बदलून बदलून पाहिली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिला या डोळ्यानं फार कमी दिसत असणार," त्या म्हणाल्या. "तक्ता वाचून पाहू."

भिंतीवर तोच तक्ता होता. उजवा डोळा बांधलेलाच. बाईंनी छडी ठेवली. ममताचा हात उठला, डावीकडे, वर, उजवीकडे, खाली. एकही चूक नाही. दुसरी ओळ, तिसरी ओळ, मुंगीएवढी शेवटची ओळ. देवरावच्या चेहऱ्यावर उजेड आला. "दिसते हो मॅडम तिले," तो म्हणाला. "सगळं दिसते."

डॉक्टरीणबाई तक्त्याकडे पाहत होत्या, मग ममताकडे, मग आपल्या भिंगांकडे. "एवढं दिसतंय तर मग माझं काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या आणि लिहायला वळल्या.

सत्यशीला लेकीच्या मागं उभी होती. शेवटच्या ओळीच्या वेळी तिला लेकीचं पुटपुटणं ऐकू आलं होतं. लिंबाकडे, हापशीकडे. त्या खोलीत ना लिंब होता ना हापशी. एका बाजूला बंद खिडकी, दुसऱ्या बाजूला औषधाचं कपाट.

एक क्षण तिला वाटलं, गप्प राहावं. सगळं ठीक म्हणून लिहून घ्यावं आणि पोरीला घेऊन घरी जावं. असं वाटलं हे तिनं पुढं कोणापासून लपवलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तिले पाठ हाये ते."

"काय पाठ आहे?"

"तक्ता. मीच शिकवला. अंगणवाडीत. गाणं करून, फणीचे दात कोन्याकडे म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी एका पुठ्ठ्यावरची एकच मोठी खूण घेतली, हातात फिरवली आणि ममतासमोर धरली. "याचे दात कुठं?" ममताचा हात अर्धा उठला आणि तिथंच राहिला. तिनं मान वळवून आईला शोधलं. आई दोन हातांवर उभी होती, पण ममता भलतीकडेच पाहत होती.

बाईंनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता. डोळा आंधळा नाही. जन्मापासून त्याचा नंबर फार मोठा, दुसरा चांगला, म्हणून मेंदूनं याला कामालाच लावलं नाही. चार-पाच वर्षांची असताना कळलं असतं तर चष्मा लावून, चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून याला शिकवता आलं असतं. आता वय झालं. प्रयत्न करू.

"लहानपणी कोणीच तपासलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"तपासलतं," सत्यशीला म्हणाली. "पास झालती."

"माय," डॉक्टरीणबाईंनी ममताला विचारलं, "एका डोळ्यानं नीट दिसत नाही, हे तू कधी सांगितलं नाहीस?"

ममता गोंधळली. "सगळ्यायचं तसंच असते ना? एक पाहाचा अन् एक नुसता."

एसटीत देवराव खिडकीबाहेर पाहत होता. तो म्हणाला, "मी तिले आंधळी कोशिंबीर म्हनो, अन् ती हासे." त्यानं बायकोला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं सत्यशीलाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तक्ता भिंतीवरून काढला आणि इंदुताईंना बोलावून सगळं सांगितलं. मग स्वतःच घरोघर गेली. इतक्या वर्षांत ज्या ज्या लेकरानं गाणं म्हणून दाखवलं होतं, त्या सगळ्यांच्या आयांना दारात उभं राहून सांगावं लागलं की ती परीक्षा खोटी होती, डोळे पुन्हा पाहा. कोणी 'बसा' म्हणालं, कोणी नाही. एकीनं सूप आपटता आपटता म्हटलं, "घरच्याच दिव्याखाली अंधार, अन् आमाले उजेड दाखवत होत्या बाई." सत्यशीलानं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या दारात गेली.

या वेळी एकच खूण हातात फिरवून पोरं तपासली. सोनीबाईचा नातू लखीराम सापडला, नुकताच अंगणवाडीत बसायला लागलेला. त्याचाही एक डोळा तसाच. पण तो चार वर्षांचा होता. चष्मा लागला, पट्टी लागली, आणि होळीपर्यंत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान चाललंय. सोनीबाई सत्यशीलाच्या पायाला हात लावायला वाकली. सत्यशीलाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या लेकराच्या नाकावरचा चष्मा पाहून तिला त्याचा हेवा वाटला, आणि मग स्वतःची लाज वाटून तिनं त्याला उचलून कडेवर घेतलं.

ममताच्या डाव्या डोळ्याला जाड भिंग आलं आणि बऱ्या झालेल्या उजव्या डोळ्यावर रोज पट्टी. शाळेत पोरं 'काणी' म्हणायची, म्हणून पट्टी शाळा सुटल्यावर. पट्टी बांधून ती अंगणवाडीच्या ओट्यावर आईजवळ बसायची आणि खिचडीची डाळ निवडायची. डॉक्टरीणबाईंनी बारीक काम द्यायला सांगितलं होतं.

"दिसते का वो खडा?" सत्यशीला विचारायची.

"दिसते."

"कालच्यापेक्षा?"

"हाव. कालच्यापेक्षा बरं."

आणि ती खरंच खडे काढून बाजूला ठेवायची. सारा उन्हाळा सत्यशीला या एका 'हाव'वर जगली. मृग लागला, देवरावनं कोणाच्या तरी वावरात सरकी टोबून पेरली, पऱ्हाटीला चार पानं आली. पोरीचा डोळा उघडतोय, असं ती हापशीवर भेटेल त्याला सांगायची.

पोळ्याच्या आधी यवतमाळला बोलावणं होतं. डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा फिरवून फिरवून पाहिलं, जवळ आणलं, आणखी जवळ आणलं. आदल्या खेपेचं पाहिलं, त्याच्या आदल्या खेपेचं पाहिलं. मग ममताला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

"सेविकाबाई, तसूभरही फरक नाही," त्या म्हणाल्या. "आता पट्टी बंद करा. उगीच पोरीला त्रास. चष्मा मात्र कायम ठेवा, चांगल्या डोळ्याला मार लागू नये म्हणून. त्याला जपा. तिचा तेवढा एकच आहे."

"पन ती त डाळ निवडते मॅडम. बारीक खडेही काढते."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

बसस्थानकावर दिग्रसवरून जाणाऱ्या पुसदच्या गाडीला अवकाश होता. दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या. ममतानं पिशवीतून पट्टी काढली, घडी केली, परत ठेवली.

"आता नाही बांधाची ना?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

पोरीचा चेहरा असा खुलला की शेजारच्या म्हातारीनंही वळून पाहिलं. पाय हलवत ती स्थानकावरच्या गाड्या पाहू लागली. "मंग मी बरी झाली?" तिनं विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. पोरगी खुशीत घरी गेली असती, बापाला सांगितलं असतं, दोन दिवस घर हसलं असतं. सत्यशीलाच्या ओठापर्यंत तो शब्द आला होता. पण एकदा हिला खोटं पास केलं होतं, ते एकदाच पुरे होतं.

"नाही माय," ती म्हणाली. "तो डोळा आता बरा होत नाही. मॅडमनं सांगतलं. म्हनून पट्टी काढली. माह्या हातानं झालं ते, तुहं काही चुकलं नाही."

ममताचे पाय हलायचे थांबले. ती रडेल म्हणून सत्यशीलानं पदर हातात घेतला. पण पोरगी रडली नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"खडे मी बोटानं पाहो. बोटाले लागते खडा. दिसते म्हनलं की तू लय खुश होय, म्हनून म्हनत होती."

सत्यशीलानं लेकीला जवळ ओढलं, आणि इतके महिने अडवून ठेवलेलं सगळं त्या स्थानकावर, चार परक्या माणसांदेखत बाहेर आलं. हुंदके दाबता दाबता दाबेनात. म्हातारीनं विचारलं, "काय झालं बाई?" तिनं नुसता हात हलवला.

ममता चुळबुळत होती. आईच्या मिठीतून ती अंग सोडवून घेऊ लागली. आपला राग आला असेल म्हणून सत्यशीलानं हात सैल केले.

"आई, तू इकडे बस ना," पोरगी म्हणाली आणि बाकावर आपल्या उजव्या हाताशी थापटून जागा दाखवली. "तिकडे बसली त तू मले दिसतच नाही."

सत्यशीला पिशवी उचलून उठली आणि लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.